ऊस गेला की रणगाडा

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते फौजेत रणगाडा चालवायचे. पेन्शन घेऊन देवळाली प्रवरेला आले, उसात रमले, पण तोंडातून रणगाडा काही जाईना. माझ्या दोन्ही पोरी त्याच गोष्टी ऐकत जेवायच्या. "नगरच्या म्युझियममधी माझ्यासारखाच गाडा हाय. तुमाला उचलून वर धरतो, झाकणातून आत बघा," असं मामा म्हणायचे, की पोरी तिथंच हात वर करून उड्या मारायच्या.

नगर काय लांब आहे? तासाभराची वाट! पण आमच्याकडं लग्न असो, देव असो, नाहीतर डोळ्याचं ऑपरेशन, सगळं ऊस गेल्यावर. तोड आली की तोडणीच्या टोळीमागं पळायचं, ऊस कारखान्याला गेला की बुडख्यातून फुटणाऱ्या खोडव्याला पाणी. मी चिडायचे, "मामा, पोरी थांबणारेत का तुमच्या उसासाठी?" ते हसायचे. "जरा दम धर की, बाई. एवढा ऊस जाऊ दे."

यंदा दिवाळीच्या सुट्टीत थोरलीनंच गाडी काढली. कॉलेजात आहे आता, गाडी झकास चालवते. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला, छातीवर पदकं लावली.

रणगाड्यांच्या रांगेत एकापाशी ते थांबले. "ह्योच!" धाकटीनं मोबाईलवर फोटो काढला, "भारीये, आजोबा," म्हणाली आणि पुढं गेली. अगं, दोन मिनिटं थांब की! ओठांवर आलं होतं, पण कान धरून उभं करण्यात काय अर्थ?

मग मामांनी थोरलीपुढं दोन्ही हात केले. खरंच केले. ती त्यांच्याहून वीतभर उंच. हसली आणि म्हणाली, "आजोबा, आता मीच उचलते तुम्हाला!" चेष्टाच ती. मीही हसले. "व्हय, व्हय," म्हणत मामांनी हात खाली घेतले आणि पदकं सारखी करू लागले. मला फार वाईट वाटलं. उड्या मारणाऱ्या त्या दोघींना इथं आणायचं होतं, आणि त्या आता कुठंच नव्हत्या.

परतताना आमच्या उसापाशी मामांनी गाडी थांबवायला लावली. काच खाली करून उभ्या उसाकडं बोट केलं.

"ह्यो गेला की पुन्यांदा लावायचा न्हाई."

"का हो, आजोबा?" धाकटीनं विचारलं.

"लई वेळ खातो त्यो."