नळाखालच्या दोन तारा

परवा लेकीच्या वाढदिवसाला तिच्या आत्यानं पुण्याहून विज्ञानाचं किट पाठवलं. चकचकीत खोका, आत गाडी, आणि गाडी चालवायला मोबाईल. मोबाईल नसेल तर ती जागची ढिम्म हलत नाही. मी म्हटलं, बाई गं, ह्याला काय किट म्हणायचं? दातानं तार सोलली नाही, सेल जिभेला लावून बघितला नाही, तर कसली आलीय मजा! लेक म्हणाली, "आई, तू आता सुरू होऊ नकोस." पण सुरू झाल्यावर मी थांबते होय!

माझं किट मामानं आणलं होतं. मामा तेव्हा लातूरला आयटीआय करत होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात एक प्लास्टिकची पाटी, तिच्यावर स्प्रिंगा. स्प्रिंग वाकवायची, फटीत तारेचं टोक अडकवायचं, की झालं जोडून. एक बारका दिवा, एक ट्रान्झिस्टर आणि एक भोंगा. भोंगा असा केकाटायचा की कोंबड्या अंगणभर उधळायच्या. सोबतचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून मी नुसती चित्रं बघून जोडायची. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मी इतकी किंचाळले की आईला वाटलं, पोरीला विंचू चावला. त्या खोक्याचा कोरा वास आजही आठवला तरी जीव हरखतो.

पण त्या किटचं खेळणं फार दिवस राहिलं नाही. ईटला, आमच्या गावी, गल्लीत नळाला आठवड्यातनं एखाद्या दिवशी पाणी यायचं. दिवसाचा अंदाज असायचा, पण नेमकं कधी येईल ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. अप्पा पिठाच्या गिरणीवर, आई रानात. मग नळापाशी बसायचं कुणी? पोरीनं, शाळा बुडवून. गल्लीतल्या सगळ्याच घरांचा हा रिवाज, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मला मात्र विज्ञानाची गोडी लागली होती, आणि शाळेतले प्रयोग नेमके पाण्याच्याच दिवशी व्हायचे. लई राग यायचा. मी नळाकडं बघून त्याला मनातल्या मनात शिव्या घालायची.

मामानं त्यावर तोड काढली. नळाची तोटी उघडीच ठेवायची, खालच्या रिकाम्या घागरीत दोन तारांची टोकं एकमेकींना लागू न देता सोडायची. तारा भिंतीच्या फटीतनं शेजारच्या मुसलमान मावशींच्या, म्हणजे आमच्या खालांच्या, घरात नेल्या आणि किटची पाटी त्यांच्या कोनाड्यात ठेवली. पाणी पडलं की टोकं ओली होणार आणि पलीकडं भोंगा वाजणार. खालांकडं नळ नव्हता, त्या आमच्याच नळावर भरायच्या. पण सासू अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून तासन्‌तास नळापाशी बसणं त्यांना जमत नव्हतं. "भोंगा बजा तो मैं हूँ ना. तुमचंबी भरते," म्हणाल्या. अप्पांनी अट घातली, "दसऱ्यापस्तोर नीट चाललं तर पुढं पाण्याच्या दिवशीबी साळंला जा." मी हवेतच!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी घरोघर अवजारांची पूजा. मी अप्पांबरोबर गिरणीला हार घालायला गेले होते. घरी आईनं विळा, खुरपं, कुऱ्हाड मांडून सगळ्यांना ओलं हळदकुंकू लावलं. मग तिच्या मनात आलं, घरात आणखी एक अवजार आहे की! तिनं तारा घागरीतनं बाहेर काढल्या, दोन्ही टोकं जवळ धरली, त्यांच्यावर भरपूर हळदकुंकू थापलं, फूल वाहिलं आणि भक्तिभावानं तारा पुन्हा घागरीत ठेवल्या.

पलीकडं भोंगा बोंबलला. खाला दारात येऊन ओरडल्या, "पानी आया गे! पानी!" आणि गल्ली उठली. नवं पाणी आलं की आमच्याकडं शिळं ठेवत नाहीत. बायकांनी घागरी, हंडे, रांजण धडाधड उपडे केले, घासले आणि नळाखाली लावले. नळ ठणठणीत कोरडे.

आम्ही परतलो तर सगळ्या बायका आमच्या दारात. "उद्या दसरा, आन् घरात चूळ भरायला पाणी न्हाय!" अप्पा लालबुंद झाले. "काढ ते थेर," मला म्हणाले. "इथनं पुढं पाण्याच्या दिवशी तू घरी. साळा गेली खड्ड्यात."

मी रडत रडत तारा उचलल्या, तर टोकांवर पिवळा-लाल लगदा. "आई! हे काय करून ठेवलंस गं!" मी परकरानं टोकं खसाखसा पुसली. पलीकडं मघापासून केकाटणारा भोंगा गप्प झाला. आईनं तारा माझ्या हातातनं घेतल्या आणि ओलं बोट दोन्ही टोकांवर टेकवलं. भोंगा वाजला. उचललं, थांबला. तिनं पुन्हा टेकवलं.

"म्हंजी ह्याला वल कळती," ती म्हणाली. मग बायकांकडं वळली. "ह्यात पोरीचा दोष न्हाय. वलं कुंकू म्या लावलं. आमचा हौद अजून उपसला न्हाय, हाय तेवढं पाणी न्या."

हौदाचा तळ दिसला. शेवटची घागर उचलताना एक काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "आमच्या नळालाबी बसवून दे की गं असलं." तरी अप्पांचा हेका सुटेना. "हौद रिकामा झाला. आता तर येत्या पाण्याला ही नळापाशी पायजेच."

"न्हाय," आई म्हणाली. चार बायकांसमोर तिनं अप्पांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. "चुकले म्या, आन् घरी बसायचं तिनं? अवं, ह्यो कुठला न्याय? ती साळंला जाईल."

अप्पांनी पायात चप्पल सरकवली. मग "बघा मंग तुमचं तुमी," म्हणत गिरणीकडं निघून गेले. मला आईला मिठीच मारावीशी वाटत होती, पण सगळ्यांसमोर लाज वाटली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी शाळेत होते. टेबलावर स्पिरिटचा दिवा मांडलेला, आणि मुलींच्या रांगेत मी एकटी. गुरुजींची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"का गं, आज तुमच्या गल्लीत पाणी न्हाय आलं?"

"आलं असंल गुरुजी," मी म्हणाले. "म्या काय बघितलं न्हाय."