काचेवरचं खोबरेल
चुलीतल्या राखेचा वास आला की हिर्डोशीपुढचा घाट आठवतो. लहानपणी एकदा, बाबांच्या गाडीच्या वायपरची किरकिर थांबावी म्हणून निघायच्या दिवशी सकाळी मी गुपचूप त्याच्या रबराला खोबरेल चोळलं होतं. घाटात पाऊस लागला आणि काच दुधाळ झाली. बाजूला दरी, बाबांना वळण दिसेना. कशीबशी त्यांनी एका घरापुढे गाडी थांबवली. पडवीत भांडी घासणाऱ्या मावशींनी काचेवर बोट फिरवून वास घेतला. “खोबरेल कुनी लावलं वो?” “गाडी धुणाऱ्याचा उद्योग! उद्यापासून त्याला बंदच करतो,” बाबा कडाडले. मावशींची नजर माझ्यावर थांबली. मी मान वळवून दरीकडे बघू लागले. “भांड्याचं तेल राखंनं निघतं, मग काचंचं न्हाई व्हय?” म्हणत त्यांनी काच, रबर सगळं घासून दिलं. घाटभर वायपर किरकिरत राहिला आणि मी गप्प. गाडी धुणारे काका पुन्हा दिसले नाहीत. आता माझी गाडी मीच धुते.