उकळलेलं पाणी

तन्मय, रेवा — हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात एकदा अगदी ओठांवर आलं होतं, पण मी नुसती त्यांची उशी नीट केली.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर रेवा तिचा प्रोजेक्ट समजावत होती. नायट्रिक ऑक्साइड रक्तात हिमोग्लोबिनच्या लोहाला कसा चिकटतो. ऑक्सिजन घेऊन निघालेलं हिमोग्लोबिन भेटलं, तर तो स्वतः नायट्रेट होऊन जातो आणि मागे मेथेमोग्लोबिन उरतं — लोह तेच, पण ऑक्सिजन धरू न शकणारं. "आजी, कळतंय ना? की नुसतीच मान हलवतेयस?"

कळत होतं, बाळा. तो शब्द मी तुझ्या जन्माआधी ऐकलाय.

तेवढ्यात मागून तुमची आई म्हणाली, "अगं, तुझ्या दादाला हेच झालं होतं. माझी कृपा! झोपेत बोरिंगचं पाणी घालत होते दुधात." तन्मय म्हणाला, "तरीच मी असा निघालो!" तुम्ही सगळे हसलात. मी चष्मा पुसत राहिले. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? नाही बोलले.

आमच्या सुदामा नगरच्या स्वयंपाकघरात दोन नळ होते. एक नर्मदेच्या पाण्याचा, जे नगरपालिका दिवसाआड सोडायची, आणि दुसरा घरच्या बोरिंगचा. तन्मय, तू जेमतेम दोन महिन्यांचा होतास. तुमच्या आईला, मुग्धाला, ताप आला, तिचं दूध आटलं, आणि तुला डब्याचं दूध सुरू झालं. रात्रीच्या बाटल्या ती करायची, दिवसाच्या मी. डॉक्टर मॅडमनी तिला बजावलं होतं — बाळासाठी बोरिंगचं पाणी नको. तिने मला ते सांगितलं, एकदा नाही, रोज. "आई, नर्मदेचंच घ्या हं."

मी "हो" म्हणायचे.

पण पावसाळा होता. नर्मदेचं पाणी मटमैलं यायचं, बोरिंगचं मात्र काचेसारखं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. स्वच्छता म्हणजे काय हे मला कालच्या मुलीने शिकवायचं? मी बोरिंगचं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळायचे, खळखळा उकळायचे, निवलं की पुन्हा उकळायचे. निम्मं आटेपर्यंत. माझ्याइतकी काळजी कोण घेतं, असं मनाशी म्हणत.

उकळून जंतू मरतात. बोरिंगच्या पाण्यात मुरलेलं नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि ते मागे राहतं, अधिकच दाट होऊन. मी तुला ते दाट करून पाजत होते.

एका दुपारी तुझे ओठ जांभळट दिसले. मग नखं. मग सगळा चेहराच राखेसारखा. मुग्धा तुला छातीशी धरून रिक्षात बसली, तुमचे बाबा चालकाला ओरडून सांगत होते, "भिया, जल्दी!" हॉस्पिटलमध्ये तुझं रक्त काढलं — ते लाल नव्हतं. चॉकलेटी होतं. ऑक्सिजन लावूनही तुझा रंग बदलेना. मग शिरेतून निळं औषध दिलं आणि हळूहळू तू गुलाबी झालास. मुग्धा तेव्हा पहिल्यांदा रडली.

डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, नायट्रेटवालं पाणी पोटात गेलंय, त्यानेच रक्तात मेथेमोग्लोबिन झालंय. "दूध किस पानी में बनता था?"

"नर्मदेचंच," मुग्धा म्हणाली. आणि तिने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. साक्षीसाठी.

इथवर ती चूक होती. अडाणी, हट्टी — पण चूक. पुढचं चूक नव्हे.

मी म्हणाले, "रात्री हिच्या डोळ्यांवर झोप असते. चुकीचा नळ उघडत असेल."

किती सहज निघालं ते तोंडातून! तुमचे बाबा तिच्याकडे वळले. "मुग्धा, तू?" ती "नाही" म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "नाही बहुतेक." मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते — ती आठवायचा प्रयत्न करत होती, आणि तिला आठवत नव्हतं, कारण आठवण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. घरी येईपर्यंत तिने ते मान्य केलं होतं.

तुमच्या वाट्याला आलेली आई ही त्यानंतरची आहे. गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा पाहणारी. रेवा, तुझी बाटली तिने कधीच एकटीने केली नाही. कोणाला तरी शेजारी उभं करायची — बऱ्याचदा मलाच. औषधाचं लेबल तुमच्याकडून वाचून घेते, आणि तुम्ही तिला चिडवता. लग्न होऊन आली तेव्हा ती अशी नव्हती. नवा रस्ता असला तरी स्कूटर बेधडक काढायची. मी हे सगळं वर्षानुवर्षं समोर पाहिलं, आणि "मुग्धा फार घाबरट आहे," असं लोकांना सांगितलंही.

काल मी तिला फोन केला. तुमच्याआधी तिला सांगणं भाग होतं. सगळं सांगितलं, आत्ता लिहिलं तसंच. ती ओरडेल, फोन ठेवेल, असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "म्हणजे... मी नव्हतं घेतलं?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही, मुग्धा."