हाताला यश नाही

पुण्याला नोकरीसाठी निघालो त्या दिवशी आर्वीची एसटी यायला वेळ होता, म्हणून बॅग घेऊन मी वावरात गेलो. आमच्या गावी, रोहण्याला, आमचं ओलिताचं वावर रस्त्यालाच लागून आहे. तिथं वांग्याचं रोप लावणं चाललं होतं. आई-बाबा चिखलात वाकलेले, मी इस्त्रीच्या पँटमध्ये धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा. बाबांनी मातीचे हात वर केले. म्हणाले, "जाय बाप्पा. पोचला की फोन करजो." मदत करू का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही बोलावलं नाही. आमच्या घरात ते ठरलेलंच होतं.

ठरलं ते मी शाळेत असताना. मी लावलेली वांग्याची अख्खी ओळ सुकली आणि बाबा म्हणाले, "याच्या हाताले यश नाई." भाजीपाला पिकवणाऱ्या घरात हे साधं बोलणं नसतं. पहिलं रोप कुणाच्या हातानं लावायचं, हेही आमच्याकडे पारखून ठरवतात. त्यानंतर मी पाणी दिलं, वांगी तोडली, बाजारात तोलली, पण रोपाला हात लावला नाही.

पुण्यात तर मी या वाक्यावर भाव खाल्ला. ऑफिसात चहाच्या वेळी सांगायचो, शेतकऱ्याचा मुलगा आहे, पण माझ्या हातचा मनीप्लँटही जगत नाही. लोक हसायचे. खरं म्हणजे मनीप्लँट मी कधी लावलाच नव्हता.

गेल्या वर्षी बाबांचे गुडघे गेले. त्यांचा फोन आला, "रोप तयार हाये. दोन रोज येतं काय?"

मी म्हणालो, "मले कुठं जमते बाबा? मजूर लावा ना."

"बरं," म्हणाले. महिन्याभरात त्यांनी वावर शेजाऱ्याला ठेक्यानं दिलं. मला ते आईकडून कळलं.

यंदा पोळ्याला गेलो तेव्हा बाबांना विचारलं, "वावर काऊन देऊन टाकलं?"

"तुले मातीची आवड नाई. कोनासाठी ठेवू?"

"तुमीच तं म्हटलं होतं, माह्या हाताले यश नाई."

"मी? कवा?" ते खरंच आठवत राहिले. मग म्हणाले, "म्हटलं असन. कामाच्या घाईत मानूस काईबी बोलते."

मला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. त्यांना आठवतही नव्हतं ते बोलणं मी इतकी वर्षं स्वतःचं नाव असल्यासारखं वागवलं. आणि मी धुऱ्यावर उभा राहिलो, तर त्यांनी आवड नाही असं धरलं. दोघांतल्या एकानंही विचारलं नाही. वावर मात्र हातचं गेलं.

शेजाऱ्याकडे उरलेली मूठभर रोपं आणून मी न्हाणीमागे लावली. बाबा खुर्चीवरून सांगत होते, "खोल नको दाबू."

पूर्वी मला वाटायचं, आपण कसे आहोत हे जिथं सगळ्यांना ठाऊक असतं, ते घर. गावी राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुमचं मला माहीत नाही. माझ्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. आता घर म्हणजे न्हाणीमागची ती ओळ. पुण्याला परतल्यावर रोज फोनवर तिचीच चौकशी करायचो.

बाबा बरेच दिवस टाळत होते. मग एकदा सांगितलं, "काई जगले, काई मेले."

किती मेले, ते मी विचारलं.

"माहे तरी सारे कुठं जगते?" बाबा म्हणाले.

एवढंच माहीत असतं, तर त्या दिवशी पँट दुमडून मी चिखलात उतरलो असतो. एसटी काय, दुसरीही होती.