सुरकुती नसलेला बिछाना

आमच्या ह्यांना कुणी चोर म्हटलं असतं, तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण बिछान्यात किडे आहेत म्हटल्याबरोबर माणूस पेटलाच.

"किडे? माझ्या घरात? मी लावलेल्या बिछान्यात?" दवाखान्यातल्या खुर्चीवरून उठून उभेच राहिले. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या नातीचा हात धरून दाखवत होत्या. अ‍ॅलर्जीच्या चाचणीसाठी टोचलं होतं, त्यात धुळीतल्या किड्यांच्या जागी ही एवढी गांध उठली होती. पण ऐकतंय कोण!

ह्यांचंही खोटं नव्हतं. जन्मभर ह्यांनी हॉटेलात खोल्या लावल्या. चादरीवरून हात फिरवला तर बोटाला सुरकुती लागता कामा नये, हा बाणा. निवृत्त झाले ते हॉटेलातून, स्वभावातून नाही. सकाळी माझे डोळे उघडायच्या आत माझ्या अंगाखालची चादर ओढायला सुरुवात. "एक दिवस मलाही घडी घालून कपाटात ठेवाल," असं मी म्हणायचे, तर हे म्हणायचे, "तू घडीत बसायची नाहीस." आणि नातीचा बिछाना तर काय, पोरीचा पाय जमिनीला लागला की खाटेवर चादर ताणून, उशी थोपटून तयार!

आमची ठकी पहिलीत. मुलगा कामासाठी परगावी, त्यामुळे ती आणि तिची आई आमच्याकडे. पोरगी उठली की शिंकांची माळ लागायची, नाक चोळून चोळून लाल. मग खोकला आला, मग छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरीणबाईंनी नळी आणि मास्क लावून औषध ओढायचा पंप दिला, गादीला चेन लावून बंद करायची कव्हरं मागवायला सांगितली, आणि खोलीत काही झटकू नका, ओल्या फडक्यानं पुसा, असं बजावलं.

"ओल्या फडक्यानं म्हणे!" घरी येईपर्यंत ह्यांचं तेच चाललं होतं. "म्हणजे धूळ तिथंच चिकटून बसायला मोकळी!"

त्या संध्याकाळी सूनबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही, हीच भीती. "आई, अजून एकदा तिची छाती भरली ना, तर मी तिला घेऊन माहेरी जाईन. कायमची." ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "एकसुद्धा किडा शिल्लक ठेवत नाही. बघच तू."

कव्हरं यायची होती. त्याआधीच्या शनिवारी सूनबाई ऑफिसला गेली आणि मी भाजीला. परत येताना जिन्यातच धप् धप् आवाज ऐकू आला. पिशवी दारात टाकली आणि ठकीच्या खोलीचं दार ढकललं.

खिडकी बंद. दारही बंद होतं, कारण धूळ बाकीच्या घरात जायला नको ना! गादी भिंतीला उभी केलेली, हे लाकडी दांड्यानं तिला बडवतायत, आणि उन्हाच्या पट्ट्यात इतकी धूळ उडतेय की पलीकडचं कपाट दिसेना. उशांच्या ढिगावर ठकी, हातात फडकं.

"आजी, आम्ही किडे मारतोय!" ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला बोलताच आलं नाही.

"अहो, थांबवा ते! डोकं फिरलंय का तुमचं?" मी पोरीला उचलून बाहेर आणलं. तिच्या बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. पंप आणला. ह्यांनी तो माझ्या हातून घेतला, पण नळीला तो बसेचना. चादरीची कड न चुकता जुळवणारा हा माणूस पंप उलटाच लावत होता. शेवटी मीच हिसकावला, मास्क तिच्या तोंडावर दाबला, औषध सोडलं. पुन्हा सोडलं. शिट्टी थांबेना. डोळे मोठे करून ती नुसती माझ्याकडे बघत होती.

ह्यांनी तिला छातीशी धरलं आणि अनवाणीच जिना उतरले. रिक्षात एकच धोशा, "घे बाळा, श्वास घे. घे ना गं." देवाशी इतक्या काकुळतीनं हा माणूस कधी बोलला नसेल.

दवाखान्यात मशीन लावलं, औषधाची वाफ सुरू झाली. हळूहळू पोरीचे खांदे खाली आले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. ह्यांच्या शेजारी बसल्या.

"काका, ते डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून जो कोंडा झडतो, त्यावर जगतात. घर कितीही स्वच्छ ठेवा, बिछाना आहे तिथं ते असणारच. त्यांच्या विष्ठेनं तिला त्रास होतो, आणि गादी बडवली की ती सगळी हवेत. कव्हर घाला. चादरी, अभ्रे दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवा. साफसफाई करताना तिला खोलीत ठेवू नका. आणि उठल्या उठल्या बिछाना लावू नका. अंगाची ओल त्यात कोंडली की त्यांचं फावतं. उघडा पडू दे."

"म्हणजे मीच," हे म्हणाले.

"अ‍ॅलर्जी तुम्ही दिलेली नाही, काका." आजच्या दिवसाबद्दल मात्र त्या काही बोलल्या नाहीत.

तेवढ्यात निरोप मिळून सूनबाई ऑफिसातून धावत आली. लेकीला पाहिलं, मग ह्यांच्या केसांवरची धूळ पाहिली. "मी उद्या हिला घेऊन माहेरी जातेय."

"तिथंही गाद्या आहेतच की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घर बदलून काय होणार? बिछाना बदला."

सूनबाईनं लेकीच्या तोंडावरचा मास्क नीट बसवला. मग म्हणाली, "बाबा, आजपासून तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

आणि ह्यांनी नाही टाकलं. सकाळी ठकीचा चुरगळलेला बिछाना तसाच पसरलेला असायचा आणि हे मान फिरवून पुढे जायचे. ती आतून हाका मारायची, "आजोबा, गोष्ट!" हे उंबरठ्याबाहेर उभे राहून मोठ्यानं गोष्ट सांगायचे.

"आत या ना!"

"नको बाळा. इथून ऐकू येतंय ना?"

माझा जीव तीळतीळ तुटायचा आणि रागही यायचा. एकदा म्हटलं, "अहो, इतकं काय घाबरायचं ते?" तर म्हणाले, "माझ्या कपड्यांवरून काही आत गेलं तर?" तिला जवळ घ्यायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायला लागला होता माणूस.

मग कव्हरं आली. सूनबाईनं ठकीला खाली खेळायला पाठवलं आणि एकटीच गादीशी झुंजायला लागली. मी मदतीला गेले, तर माझी कंबर धरली. एक टोक घालावं तर दुसरं बाहेर. चेन मध्येच अडकली. सूनबाई घामाघूम. हे दाराबाहेर उभे होते. "तो कोपरा आधी..." एवढं तोंडातून निघालं आणि त्यांनी पुढचं गिळलं.

सूनबाई थांबली. आता भडका उडणार!

"बाबा," ती म्हणाली, "नुसते बघत काय उभे राहिलात? या, धरा ना कोपरा."

ह्यांनी उंबरठ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे.

"पाय धुऊन येतो," म्हणाले.

बाथरूममध्ये नळ सुरू झाला तो बंदच होईना. नुसते पाय धुवायला इतकं पाणी लागत नाही, हे मलाही कळत होतं आणि तिलाही. मी उठायला लागले, तर सूनबाईनं मानेनंच नको म्हटलं, आणि कव्हराचा कोपरा हातात धरून ती त्यांची वाट बघत तशीच बसून राहिली.