चार नंबरचा सेन्सर कपाटात होता

आधीच सांगते, चौकात उतारा पडलेला दिसला तर मी त्यावरून स्कूटर घालते. संकेत, बाधा, वगैरे ऐकलं की माझं डोकं उठतं. तरीही हे लिहितेय, कारण ऑफिसात लिहिलेलं कोणाला पचलं नाही... आणि गप्प बसणं मला जमत नाही.

मी वारज्याला राहते, नोकरी बिबवेवाडीत. आमची छोटी कंपनी बंद पडलेल्या खाणींमधल्या पाण्यावर लक्ष ठेवते. त्यातलीच ही विदर्भातली एक भूमिगत कोळसा खाण. खाण बंद झाली की उपसा थांबतो आणि आतल्या बोगद्यांत पाणी चढायला लागतं. ते कळावं म्हणून ठिकठिकाणी बोअर मारून प्रत्येकात एक सेन्सर सोडायचा. त्याचे आकडे पुण्यात आमच्या स्क्रीनवर येतात. चार नंबरचा बोअर कामगारांच्या जुन्या क्वार्टर्सना लागून, रामटेके मावशींच्या अंगणाशेजारी. मी एकदा साइटवर गेले होते तेव्हा मावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. शेजारचे गेडामकाकाही येऊन बसले होते. त्याच खाणीतून रिटायर झालेले, एकटेच राहायचे.

चार नंबर कायम शून्यावर असायचा. पाणी अजून तिथवर पोचलं नाही, असं आम्ही समजत होतो. मे महिन्यात तो अचानक चढायला लागला. बाकीचे सगळे बोअर गप्प. मी कंपनीच्या मालकांना, म्हणजे सरांना, दाखवलं.

"भर उन्हाळ्यात पाणी चढतंय? वा," ते म्हणाले. "आमच्या सोसायटीत टँकर मागवावे लागतात. तिकडून एक पाइपलाइन टाकून घ्या की."

मी मावशींना फोन लावला. "मॅडम, अंगणात कालपासून ओल येऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "नळ तर बंदच आहे." सर म्हणाले, सांडपाणी असेल. मी भांडले. शेवटी वैतागून त्यांनी खाणवाल्यांना मेल करू दिला आणि क्वार्टर्समधल्या लोकांना गावातल्या शाळेत हलवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी, सेन्सर बिघडला असेल तर नवा पाठवू, म्हणून सरांनी स्टोअरचं कपाट उघडलं. चार नंबरचा सेन्सर तिथेच होता. आमचंच लेबल, आमचाच नंबर, खोकं सीलबंद. ठेकेदाराने तो कधी नेलाच नव्हता. बोअरवर नुसतं झाकण ठोकून 'बसवला' असं कळवलं होतं, आणि आमच्यातल्या एकानेही तपासलं नव्हतं.

मी वळून स्क्रीन पाहिली. त्याच नंबरचा आकडा अजून चढतच होता.

खोकं मी फोडलं. बॅटरी वेगळ्या पुडीत, तीही न उघडलेली. केबल मात्र ओली होती. बोटांना काळी कचकच लागली. ती मी सरांच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदाला पुसली, मुद्दाम.

सर खूश झाले. खरंच खूश. "घ्या, सापडला तुमचा पूर," म्हणाले. आणि माझ्यासमोर मेसेज टाकला — सेन्सर सदोष, इशारा रद्द, लोकांनी घरी परतायला हरकत नाही.

"अहो सर, न बसवलेल्या सेन्सरला आकडे कुठून आले, ते तरी विचारा."

"सॉफ्टवेअरवाल्याला विचारतो."

"आणि अंगणातली ओल?"

"ते ग्रामपंचायतीचं काम."

मी बाहेर येऊन मावशींना सांगितलं, घरी जाऊ नका. "कावून मॅडम? मेसेज तर आला ना," त्या म्हणाल्या. काय सांगणार होते मी? म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवा, बाकी काही विचारू नका. त्यांनी ठेवला. लेकीला, नातवंडांना घेऊन शाळेतच राहिल्या. गेडामकाकांनाही त्यांनी थांबवून पाहिलं. पण काका म्हणाले म्हणे, पुण्याच्या ऑफिसनेच लिहून पाठवलंय, मग फरशीवर कशाला झोपायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टर्सचा तो कोपरा खचला आणि खालून काळं पाणी वर आलं. मावशींचं घर गेलं. शेजारचं काकांचंही गेलं, आणि काका आत होते.



पुढे सरांनी रिपोर्ट केला — 'आमच्या यंत्रणेने वेळेत इशारा दिला होता, एका रहिवाशाने तो मानला नाही.' सोबत चार नंबरचा आलेख, रंगीत. ज्या आकड्यांना ते हसले होते, तेच आकडे. खाली माझी सही हवी होती. सही केली तर काका स्वतःच्या हट्टाने मेले. नाही केली तर सेन्सर कपाटात होता हे लिहावं लागणार, आणि मग लोक माझ्याकडे कसे बघतील ते मला दिसत होतं.

मी लिहिलं. कपाट, ओली केबल, रद्द केलेला इशारा, सगळं. चौकशीला आलेल्या साहेबांनी हसून विचारलं, "मॅडम, तुमचा भुतांवर विश्वास आहे का हो?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचा ठेकेदारांवर आहे का?"

सॉफ्टवेअरवाल्यांनी सगळं उलटंपालटं करून पाहिलं, त्यांना काही सापडलं नाही. ते आकडे कुठून आले, मला आजही सांगता येत नाही. गेडामकाका कशाने गेले, ते मात्र मी विचारेल त्याला सांगते... पण ते कोणी विचारत नाही. सगळ्यांना सेन्सरचीच गोष्ट ऐकायची असते.