चांदीच्या पाठीवरचे चार पट्टे

चहा ओता, मग सांगते. माझ्या हातून गोंधळ पुष्कळ झाले. प्रयोगशाळेत फोडलेली काचेची भांडी तर मी मोजायचीच सोडून दिली आहेत. पण भर बाजारात, शंभर माणसांसमोर, मान ताठ करून केलेला गोंधळ हा एकच. आणि तोही माझ्या स्वतःच्या विषयात, म्हणजे बघा.

दोन हजार चार सालची दिवाळीची सुट्टी. मी तेव्हा पुण्यात पीएचडी करत होते. विषय असा, की घरी सांगायची सोय नाही. पेशीतली नकोशी प्रोटीनं मोडीत कशी निघतात, आणि कॅन्सरमध्ये किंवा विषाणू शिरल्यावर हे काम कसं बिघडतं, असं काहीतरी लांबलचक. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, मात्र त्याचं एका वाक्यात काम भागवलं होतं. "आमची मित्रा कॅन्सरवर हाय." आबा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर होते, तशी मी कॅन्सरवर. ते पाटकरी. शेताशेताला पाळीनं पाणी सोडायचं त्यांचं काम. त्यामुळं कालव्याकाठच्या गावांत आबांना न ओळखणारा शेतकरी नाही, आणि मी कॅन्सरवर आहे हे माहीत नसलेलाही नाही.

त्यात त्या ऑक्टोबरात माझ्या विषयाला नोबेल मिळालं. विषयाला बरं का, मला नाही. नकोशा प्रोटीनला पेशी आधी खूण लावते आणि मगच मोडते, हे ज्यांनी शोधून काढलं त्यांना ते मिळालं, आणि ते सगळे माझ्यापासून हजारो मैल लांब. पेपरात आतल्या पानावर छोटीशी बातमी आली. आबांनी ती कापून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मी सुट्टीला घरी पोचले तेव्हा पिशवीच्या घड्या पडायला लागल्या होत्या, इतक्यांदा ती उघडली गेली होती.

दुसऱ्याच दिवशी जवळा बाजार या गावचा आठवडी बाजार होता. आबा म्हणाले, चल. मला कशाला, म्हटलं तर म्हणाले, आत्याला सोबत होईल. आत्याला माझी सोबत कधी लागली नव्हती. मला दाखवायला न्यायचं होतं हे मलाही कळत होतं, आणि खरं सांगते, मला ते आवडत होतं.

गयाआत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. आमच्या शेजारीच एकटी राहायची. एकटी म्हणजे ती आणि तिची शेळी, चांदी. पांढरीशुभ्र, अंगावर एक डाग नाही. आत्या आमच्याशी दिवसभरात बोलणार नाही इतकं त्या शेळीशी बोलायची. चांदी तेव्हा गाभण होती. विकायचे होते तिचे आधीच्या वेताचे दोन बोकड. पण ते आईला सोडून एक पाऊल चालत नसत, म्हणून चांदीलाही सोबत आणलं होतं.

सोयाबीन निघून गेलेलं, कापूस येऊन राहिलेला. बाजार नुसता गजबजला होता. आबांनी वेशीपाशीच बियाणंवाल्याला पिशवी उघडून दाखवली, "मित्राच्या विषयाला मिळालं." मिरचीच्या ओळीत आम्ही पोचलो तोवर त्यातला विषय गळून पडला होता आणि नुसतं "मित्राला मिळालं" एवढंच उरलं होतं. बांगड्यांच्या दुकानापर्यंत मी कॅन्सरचं औषध काढलं होतं. बकऱ्यांच्या बाजारात शिरलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, दिल्लीला बोलावलं म्हणे तुला.

तुम्ही म्हणाल, तू दुरुस्त केलं नाहीस? केलं की. पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा जरा थोडक्यात सांगितलं. तिसऱ्यांदा मी नुसती हसले आणि "तुमचे आशीर्वाद" म्हणाले. आबांचा चेहरा बघितला असता तर तुम्हीही तेच म्हणाला असता.

बकऱ्यांच्या बाजारात आबांच्या ओळखीचे एक व्यापारी होते, खाजाभाई. त्यांनी उठून मला स्वतःच्या बाजेवर बसवलं. "बेटी, इनाम का तो मालूम हुआ. मगर काम क्या है, जरा समजाव ना. हम भी सुनेंगे."

आता मला सांगा, नोबेलच्या विषयावर संशोधन करणाऱ्या मुलीला कुणी एवढ्या मायेनं विचारल्यावर ती गप्प बसेल का?

त्यांच्या पायाशी जांभळ्या रंगाचा डबा होता. त्यात चिंधी गुंडाळलेली काठी. बाजारात व्यापाऱ्यानं बकरी घेतली, की तिच्या पाठीवर आपल्या रंगाचा पट्टा ओढतो. कुणाचा हिरवा, कुणाचा लाल, खाजाभाईंचा जांभळा. मग व्यापाऱ्याचा गडी बाजारभर फिरतो आणि आपल्या रंगाच्या तेवढ्या बकऱ्या नेऊन टेम्पोत चढवतो. तिथून त्या हिंगोलीला खाटकाकडं.

तो डबा बघितला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, तीन वर्षं मी जे समजावायला धडपडत होते, ते इथं दर आठवड्याला चालत होतं.

मी काठी उचलली आणि उभी राहिले. म्हटलं, आपलं शरीर पेशींचं असतं. एकेक पेशी म्हणजे हा असा भरलेला बाजार समजा. त्यात हजारो प्रकारची प्रोटीनं आपापल्या कामाला. त्यातलं एखादं म्हातारं झालं, बिघडलं, काम संपलं, तर पेशी त्याला खूण लावते. त्या खुणेचं नाव युबिक्विटिन. मग एक मशीन येतं, पिंपासारखं पोकळ. ते बघतं, खूण आहे का? आहे. घेतलं आत, केले तुकडे. हे प्रोटीन कोण, कुठलं, चांगलं का वाईट, याच्याशी मशीनला काही देणंघेणं नाही. ते फक्त खूण ओळखतं.

"बराबर," खाजाभाई म्हणाले. "हमारा बाबू भी ऐसाच है."

बाबू त्यांचा गडी. तेव्हा तो बाजाराच्या दुसऱ्या टोकाला होता. हे मी लक्षात ठेवायला हवं होतं.

भोवती माणसं जमली होती. आत्याही एका बाजूला उकिडवी बसून ऐकत होती. मी म्हटलं, आता कॅन्सर कसा होतो बघा. पेशीत एक प्रोटीन राखणदार असतं. पेशी वेडीवाकडी वाढायला लागली, की ते तिला थांबवतं. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाला जो कॅन्सर होतो ना, तो करणारा विषाणू या राखणदाराला स्वतः मारत नाही. त्याच्याकडं हत्यारच नसतं. तो एवढंच करतो, की पेशीतल्या खूण लावणाऱ्याला फितवतो आणि राखणदारावर खूण लावायला लावतो. मारायचं काम मग घरचंच मशीन करतं.

मला वाटतं, पुण्यात कुठल्याच सेमिनारला मला इतकी शांतता मिळाली नव्हती. आणि तिथंच थांबले असते तर आज मी तुम्हाला हे सांगत बसले नसते. पण मला प्रात्यक्षिक करायची हुक्की आली. राखणदार पाहिजे होता. समोर चांदी उभी होती, पांढरीशुभ्र.

"चांदीला काहून?" आत्या म्हणाली.

"दाखवण्यापुरतं गं आत्या."

मी तिच्या पाठीवर जांभळा पट्टा ओढला. मग माझ्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. कारण एका खुणेनं भागत नाही. खुणेला खूण जोडून साखळी व्हावी लागते, निदान चारांची, तेव्हा कुठं मशीन त्याला नीट धरतं. चुकीचं शिकवणं माझ्या रक्तात नाही. मी एकाखाली एक, सारख्या अंतरावर, चार पट्टे ओढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी डोळे पुसले. खोटं नाही सांगत.

गर्दी पांगली तशी एक बाई माझ्यापाशी आली, सेनगावकडची. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, माझी थोरली बहीण याच आजारानं गेली. लोक म्हनले, तिचंच काही वंगाळ असंल." मी म्हटलं, नाही. विषाणूनं झालं, तिचा काही दोष नव्हता. तिनं परत विचारलं, मी परत सांगितलं. अर्धा तास आम्ही एका बैलगाडीच्या आडोशाला बोलत बसलो. जाताना तिनं माझा हात घट्ट धरला. त्या दिवशी मला जो खरा अभिमान वाटला, तो या बाईमुळं. बाकीचा सगळा फुगा होता, आणि तो फुटायला आता पाचच मिनिटं उरली होती.

परत आले तर खुंटा होता, चांदी नव्हती.

आत्या बोकड विकून मीठमिरची आणायला गेली होती. आबा कापसाच्या गाडीपाशी पिशवी उघडून उभे होते. खाजाभाई सौदा करत होते. मी त्यांना नुसतं विचारलं, टेम्पो कुठाय? त्यांनी माझ्याकडं बघितलं, खुंट्याकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला. बाबू तो निशान देखता है, बस." टेम्पो निघून वीस मिनिटं झाली होती.

तेवढ्यात आत्या आली. तिनं रिकामा खुंटा बघितला. मिरचीची पिशवी तिथंच खाली ठेवली आणि म्हणाली, "माझी चांदी गाभण हाय, मित्रा."

एक जीप हिंगोलीकडं निघाली होती, तीत आम्ही चौघं घुसलो. खाजाभाई ड्रायव्हरला दर फर्लांगाला म्हणत होते, दाब और थोडा. आत्या समोर रस्ता बघत होती. आबा आयुष्यात पहिल्यांदा मी कशावर आहे हे शेजारच्या माणसाला न सांगता बसले होते. मी मनात हिशेब करत होते, टेम्पो हिंगोलीत पोचून आधीच रिकामा झाला असेल, तर आत्याला तोंड कसं दाखवू?

औंढ्याच्या अलीकडं टेम्पो दिसला. पंक्चर झाला होता. बाबू चाकाशी बसला होता आणि चांदी सगळ्यांच्या पुढं, केबिनला टेकून, निवांत कुणाचा तरी दोर चघळत होती. आत्या खाली उतरायच्या आधीच तिला हाका मारायला लागली.

खाजाभाई बाबूवर तापले. बाबू शांतपणे उठला.

"मला काय म्हाईत भाई? तुमीच म्हनता, खून बघ अन् चढव. सगळ्या बकऱ्यांवर एकेक पट्टा, हिच्यावर चार. मी म्हनलं, ही लय महत्त्वाची दिसते. म्हनून आधी हिलाच चढवली."

चारांची साखळी लागली की मशीन नीट धरतं, हे मीच तासाभरापूर्वी शिकवलं होतं. माझ्या तीन वर्षांच्या प्रयोगांतून निघालं नसतं इतकं स्वच्छ उत्तर बाबूनं दिलं होतं.

परतीच्या जीपमध्ये चांदी आत्याच्या मांडीवर मान टाकून बसली होती. आत्या म्हणाली, "पोरी, तू सांगितलं ते मला समदं समजलं बघ. राखणदार ही चांदी. मशीन तो बाबू." थोडं थांबून म्हणाली, "अन् तो फितवनारा इषानू बी दिसला."

खाजाभाई खिडकीबाहेर बघून हसू दाबत होते. आबांनीही मान वळवली.

"आता मला येक सांग," आत्या म्हणाली. "त्या पेशीत खून पुसनारं कोनी नसतंय का?"

अहो, असतं. चुकून लागलेली खूण काढून प्रोटीनला वाचवणारी वेगळी मंडळीच असतात पेशीत. माझ्या थिसिसमध्ये मी त्यांना जेमतेम एक परिच्छेद दिला होता. अक्षर न शिकलेल्या माझ्या आत्यानं एका बाजारात त्यांची गरज ओळखली. मला स्वतःची लाज वाटली आणि तिचा अभिमान, दोन्ही एकदमच.

"असतंय आत्या," मी म्हटलं.

"मंग झालं. ते काम तुझं. पुसल्याबिगर पुण्याला जायचं न्हाई."

खाजाभाईंचा रंग पक्का होता. बाजारात कुणी पुसून बकरी पळवू नये म्हणून तो पक्काच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात बसले. एका वाटीत करडीचं तेल, एका वाटीत रिठ्याचं पाणी, हातात फडकं, आणि समोर चांदी. आत्या दारात बसून लक्ष ठेवून. एक पट्टा फिका करायला मला अख्खा दिवस लागला. वर, मधूनच चांदी कंटाळून माझी ओढणी खायची.

बातमी तोवर गावभर झाली होती. लोक कालव्याच्या पाण्याची पाळी विचारायच्या निमित्तानं यायचे आणि माझ्याकडं बघत उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी एकानं न राहवून विचारलंच, "पाटकरी, तुमची डॉक्टरीण काय करून राहिली हो?"

आबा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"संशोधन," ते म्हणाले.